जुन्या खाणीखालच्या विहिरी: पाण्याबद्दल विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे

डोंगराच्या कुशीत शेती असलेल्या अनेकांनी थोड्याफार फरकाने एकच प्रश्न विचारला आहे. वरच्या अंगाला धातूची जुनी खाण आहे, ती बंद होऊन कित्येक वर्षे लोटली, तरीही पाटात तांबूस-पिवळा साका बसतो. मग विहिरीचे पाणी वापरावे की नाही?

खाण बंद पडली की तिचा त्रासही संपला, हा समज आधी सोडून द्या. बऱ्याचदा खरा त्रास तेव्हाच सुरू होतो. खाण चालू असताना पंप लावून बोगदे कोरडे ठेवतात. काम थांबले की पंपही थांबतात आणि बोगदे हळूहळू पाण्याने भरतात. धातूच्या खनिजाबरोबर अनेकदा पायराइट असते, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचे सोनेरी चकाकीचे खनिज. खोदकामामुळे ते उघडे पडते. त्याला हवा आणि पाणी मिळाले की गंधकाम्ल तयार होते, आणि काही जिवाणू ही क्रिया कितीतरी पटींनी वेगाने घडवून आणतात. हे आम्लयुक्त पाणी दगडातले जस्त, तांबे, कॅडमियम, शिसे विरघळवत खाली उतरते. काही पाणी बोगद्याच्या तोंडातून, काही टाकाऊ दगडांच्या ढिगातून, तर काही खडकाच्या भेगांतून येते. पायराइट शिल्लक आहे तोवर हे चालू राहते. म्हणजे दशकानुदशके, काही ठिकाणी शतकानुशतके.

दरीच्या तळाशी वाळू-गोट्यांचा थर असतो. त्यात ओढा आणि भूजल यांची सतत देवघेव चालते. एका जागी ओढ्याचे पाणी जमिनीत मुरते, थोडे पुढे जमिनीतले पाणी ओढ्यात येते. त्यामुळे बांधाला बांध लागून असलेल्या दोन विहिरींचे पाणीही वेगळे निघू शकते. शेजाऱ्याच्या अहवालावर विसंबू नका. बोअर खोल आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण भेगांचे जाळे खोलवरही बोगद्यांना जोडलेले असू शकते.

"आमच्या विहिरीचे पाणी तर अगदी नितळ आहे," असे काहींनी कळवले आहे. मला सर्वात जास्त काळजी याच विहिरींची वाटते. तांबूस साका लोखंडाचा असतो, म्हणून तो दिसतो. पाण्यात विरघळलेले आर्सेनिक, कॅडमियम आणि शिसे यांना रंग नसतो, वासही नसतो. वाटेत चुनखडीचा खडक लागला की आम्ल मरते, सामू (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) सुधारतो, लोखंड खाली बसते आणि पाणी स्वच्छ दिसू लागते. जस्त आणि कॅडमियम मात्र सामू सातच्या आसपास असतानाही पाण्यात राहू शकतात. आर्सेनिक तर अल्कधर्मी पाण्यातही सुटे होते. पाण्यातले एकूण क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर यातले काहीच कळत नाही. उकळूनही धातू जात नाहीत. पाणी आटते आणि त्यांचे प्रमाण उलट वाढते.

म्हणून पाणी प्रयोगशाळेतच तपासून घ्या. नुसता सामू आणि क्षार नकोत. आर्सेनिक, कॅडमियम, शिसे, जस्त, तांबे, मँगनीज आणि सल्फेट यांची तपासणी स्पष्टपणे मागा. धातूंसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या, कारण त्या नमुन्यात थोडे आम्ल घालावे लागते. नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि अहवाल खोटाच चांगला येतो. पंप थोडा वेळ चालवून साठलेले पाणी काढून टाका आणि मगच नमुना भरा. वर्षातून दोनदा तपासा: एकदा पाणी सर्वात कमी असताना आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर किंवा बर्फ वितळू लागताच. कोरड्या दिवसांत दगडांवर जमलेले धातूंचे क्षार त्या पहिल्या लोंढ्यात एकदम धुऊन येतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक आणि शिसे प्रत्येकी 0.01, तर कॅडमियम 0.003 मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त नसावे. सिंचनासाठी अन्न व कृषी संघटनेने कॅडमियम 0.01, तांबे 0.2 आणि जस्त 2 मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. अहवाल हाती येईपर्यंत पिण्यासाठी दुसऱ्या स्रोताचे पाणी वापरा, घरात लहान मुले असतील तर नक्कीच.

पाटातला गाळ खत म्हणून शेतात टाकावा का, असेही एकाने विचारले आहे. टाकू नका. लोखंडाचा तो साका आर्सेनिक आणि इतर धातू धरून ठेवतो. पाण्यातून एकदा निघालेले विष आपल्याच हाताने मातीत घातल्यासारखे होईल, आणि मातीतून ते काढणे फार अवघड असते. जपानमधल्या जिंझू नदीच्या खोऱ्यात कामिओका खाणीतले कॅडमियम भातखाचरांत साठले. त्यातून हाडे ठिसूळ करणारा इताई-इताई रोग पसरला. सरकारने 1968 मध्ये तो प्रदूषणामुळे झाल्याचे मान्य केले, पण तिथल्या जमिनी सुधारण्याचे काम 2012 पर्यंत चालले.

जमिनीत कॅडमियम किंवा जस्त जास्त निघाले, तर चुना घालून सामू 6.5 च्या आसपास आणा. पिके ते कमी उचलतात. आर्सेनिकवर मात्र चुना हा उपाय नाही. पालेभाज्या कॅडमियम पटकन ओढतात, फळझाडांच्या फळांत ते तुलनेने कमी उतरते. भाताचा पेच वेगळा आहे. खाचरात पाणी साठवले तर कॅडमियम दबते पण आर्सेनिक सुटते, निचरा केला तर उलटे होते. त्यामुळे जमिनीत नेमके काय आहे हे कळल्याशिवाय पाण्याची पाळी बदलू नका. जनावरांच्या पाण्यात सल्फेट जास्त असेल तर त्यांच्या अंगातले तांबे कमी पडते. जनावरे रोडावली किंवा केसांचा रंग उडाला, तर पशुवैद्यकाला पाण्याचा अहवालही दाखवा.

शेवटचा प्रश्न तरुण मंडळींचा आहे: बोगद्याचे तोंड दगड-सिमेंटने आपणच बुजवले तर? कृपा करून असे करू नका. आत पाण्याचा दाब वाढतो, ते दुसऱ्या भेगेतून फुटते किंवा एके दिवशी एकदम बाहेर येते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ऑगस्ट 2015 मध्ये गोल्ड किंग या जुन्या खाणीत काम चालू असताना आत कोंडलेले सुमारे 1 कोटी 14 लाख लिटर पाणी फुटले आणि अ‍ॅनिमास नदी नारिंगी झाली. खालच्या शेतकऱ्यांना पाट बंद करावे लागले. तुमच्या ओढ्याचा रंग अचानक बदलला किंवा खाणीतून येणारी धार एकाएकी वाढली वा थांबली, तर आधी पाटाचे दार लावा, खालच्या शेतकऱ्यांना फोन करा आणि मग आम्हाला कळवा.