माजावर आलेली गाय, माजलेला माणूस आणि कामगंध

प्रश्न असा आहे : गाय 'माजावर येते' आणि माणसाला 'माज चढतो', हे दोन्ही माज एकच का? आणि कापसात लावतात त्या 'कामगंध सापळ्या'तला कामगंध म्हणजे संप्रेरकच ना?

पहिल्याचं उत्तर हो. मूळ मद् धातू. संस्कृतात 'माद्यति' म्हणजे धुंद होतो, प्राकृतात त्याचं 'मज्जइ' झालं आणि आपल्याकडे 'माजणे'. तण माजतं, गावगुंड माजतात, तिथे शब्दाला चीड चिकटली आहे. गाईच्या बाबतीत ती नाही. दर एकवीस दिवसांनी येणारी ती साधी पाळी, आणि गोठ्यात हा शब्द म्हातारीकोतारीही बिनदिक्कत बोलतात. फारसीतून आलेला 'मस्त'सुद्धा याच मुळाचा दूरचा भाऊबंद, म्हणून माज आणि मस्ती एका दमात म्हणतो ते वावगं नाही.

याच घरातला मला फार आवडणारा शब्द म्हणजे 'मुका माज'. म्हशीत हा जास्त. ना हंबरणं, ना अस्वस्थपणा. मालकाला पत्ताच लागत नाही आणि वेळ निघून जाते. पण रेड्याला कळतं. तो म्हशीच्या मुताला नाक लावतो, मान वर करतो आणि वरचा ओठ मुडपून, हिरड्या दाखवत क्षणभर तसाच थांबतो. पोरांना वाटतं रेडा हसतोय. खरं तर तो वास टाळूवरच्या एका खास गंधेंद्रियाकडे ओढून घेत असतो. माज मुका असतो तो माणसापुरता.

दुसऱ्याचं उत्तर मात्र नाही. 'हार्मोन' हा शब्द स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 1905 साली रूढ केला, ग्रीक मुळाचा अर्थ चेतवणे, हलवणे. आपलं 'संप्रेरक' त्याला चपखल बसतं, कारण त्यातला ईर् धातूही गती देण्याचाच. हे रसायन रक्तातून फिरतं, शरीराच्या आतच. शरीराबाहेर पडून आपल्याच जातीच्या दुसऱ्या जिवाला हलवणारं ते फेरोमोन. हा शब्द 1959 चा, कार्लसन आणि ल्यूशर यांचा. बोंडअळीच्या सापळ्यातल्या रबरी गोळीला मादी पतंगाचा वास असतो, नर फसून येतो, म्हणून तिथे 'कामगंध' अगदी बरोबर. पण मुंग्यांची रांगही फेरोमोननेच चालते. तिथे कामगंध म्हणायचं तर 'काम'चा दुसरा अर्थ घ्यावा लागेल, त्या कामकरी आहेत म्हणून! सरसकट सगळ्यांसाठी मी फेरोमोनच लिहितो.

गोंधळ होतो याचं कारण दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. संप्रेरकं वास तयार करवतात, हे चटकन लक्षात येतं. ती वास घेणारं नाकही बदलतात, हे येत नाही. उंदराच्या मादीत प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चढलेलं असतं त्या दिवसांत नराच्या गंधाला ओळखणाऱ्या तिच्या पेशी गप्प होतात. 2015 साली हे दाखवलं गेलं. नर तोच, वास तोच, पण नाकातून मेंदूकडे निरोपच जात नाही. मेंढीचं आणखी नवल. एरवी गर्भजलाच्या वासाने ती तोंड फिरवते. व्यायली की तेच जल कोकराच्या अंगावरून चाटून काढते, आणि तासा-दोन तासांत त्याचा वास असा पक्का करते की परकं कोकरू आचळाला लागलं तर ढुशी देते. यामागे ऑक्सिटोसिन आहे, म्हणजे पान्हा सोडणारंच संप्रेरक.

नाकाच्या या बदलासाठी वेगळा पारिभाषिक शब्द घडवायची मला गरज वाटत नाही. 'वास येणे' आणि 'वास लागणे' असे दोन प्रयोग आपल्याकडे आहेतच. भूक लागते, तहान लागते, चाहूल लागते, तसा वास लागतो. येण्यासाठी वास असला की पुरे. लागण्यासाठी नाकही तयार हवं. उंदरीला वास येत होता, लागत नव्हता, असं म्हटलं की झालं.

मदाचा विषय निघाला आणि हत्ती राहिला असं नको. माजावरच्या हत्तीत टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक कैक पटींनी वाढतं आणि कानशिलाजवळच्या ग्रंथीतून मद पाझरतो. संस्कृत कवींनी त्या गंडस्थळाभोवती इतके भुंगे फिरवले आहेत की मला ती निव्वळ कविकल्पना वाटायची. रासायनिक तपासणीत वेगळंच निघालं : पोक्त हत्तीच्या मदाला उग्र दर्प असतो, पण पहिल्यांदा माजावर येणाऱ्या कोवळ्या नराच्या मदाला मधासारखा गोड वास येतो. आणि आशियाई हत्तिणीच्या मुतात नराला बोलावणारं जे रसायन 1996 साली सापडलं, ते कित्येक पतंगांच्या माद्याही वापरतात. हत्तिणीचाही कामगंधच, सापळ्यातल्यासारखा.