नागपूर खंडपीठ सरकारला अन्यायकारक कायदा बदलायला लावू शकतं का?

‘अमुक कायदा करा’ असा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ विधिमंडळाला देऊ शकत नाही. पण घटनेशी विसंगत कलम रद्द करू शकतं, आणि मग सरकारला हलावंच लागतं. त्यासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली रिट याचिका (हक्कांसाठी थेट उच्च न्यायालयात केलेला अर्ज) करतात. नुसतं ‘अन्याय होतो’ लिहून भागत नाही. कायद्यातलं नेमकं कोणतं कलम, कोणत्या मूलभूत हक्काच्या (अनुच्छेद 14 समानता, 19 स्वातंत्र्य, 21 जीवित) आड येतं ते मांडा आणि ते घटनाबाह्य ठरवण्याची मागणी स्वतंत्रपणे लिहा. बहुतेक याचिका इथेच ढिल्या पडतात. न्यायालयाने नुसती शिफारस केली, तर सरकार ती वर्षानुवर्षं दाबून ठेवू शकतं. विशाखा प्रकरणात (कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ) तर सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये बंधनकारक मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, तरी कायदा आला 2013 मध्ये. एक मात्र आहे: कलम रद्द झालं तरी त्यातला दोष काढून विधिमंडळ तोच कायदा पुन्हा आणू शकतं.