अलेशियाच्या वेढ्यात सीझरने दोन-दोन तटबंद्या का उभारल्या?

इ.स.पू. ५२. रोमविरुद्ध उठलेल्या गॉल (आजचा फ्रान्स) टोळ्यांचा नेता व्हर्सिंगेटोरिक्स अलेशिया गावाच्या टेकडीवर अडकलेला आणि त्याच्या सुटकेला गॉल टोळ्यांची मोठी फौज निघालेली. म्हणजे वेढा घालणारेच वेढले जाणार! म्हणून आतल्यांना कोंडायला सुमारे १६ किमीचा एक तट, बाहेरच्यांना थोपवायला सुमारे २१ किमीचा दुसरा, आणि रोमन सैन्य मधल्या पट्ट्यात. तट १२ फुटी, दर ८० फुटांवर बुरूज.

पण खरी करामत तटापुढच्या सापळ्यांत होती. ३ फूट खोल खड्डे, त्यांत आगीवर टणक केलेले अणकुचीदार खुंट, वर काटक्यांचं झाकण. सैनिक या खड्ड्यांना चक्क ‘लिलीची फुलं’ म्हणत!

धान्य संपत आल्यावर गावातली बायकापोरं बाहेर काढली गेली; सीझरने त्यांनाही वाट दिली नाही. शेवटी बाहेरची फौज हरली आणि दुसऱ्याच दिवशी व्हर्सिंगेटोरिक्स शरण आला.