मी नसतो तर काय फरक पडला असता?

प्रश्न: ताई, मी 38 वर्षांचा आहे, नागपूरला मिहानमध्ये नोकरी करतो. आमचा मित्रांचा गट दर रविवारी दुपारी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाच्या, परिसरात पेशंटच्या नातेवाइकांना जेवण वाटतो. मागे एका आजींना ताट दिलं तर त्या म्हणाल्या, "नको जी, सकाळपासून दोघं देऊन गेले." तेव्हापासून मन लागत नाही. मी नसतो तरी ते जेवलेच असते. आणि आता 'हजारोंची भूक भागवणारे' म्हणून माझा सत्कार ठरलाय. जाऊ का? की हे सगळं बंदच करू?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर: भाऊ, लगेच काही बंद करू नका. त्या आजींनी तुमच्या कामावर शेरा मारलेला नाही. रविवारी दुपारी त्या भागात जेवण पुरेसं आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. मंगळवारी रात्री अकराला ब्रह्मपुरीहून पेशंट घेऊन आलेल्या माणसाला काय मिळतं, ते त्यांच्या बोलण्यातून कळत नाही. ते तुम्हालाच जाऊन बघावं लागेल.

'मी नसतो तर काय झालं असतं?' हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण चांगलं काम करणाऱ्या बहुतेकांना तो पडतच नाही. तुम्ही मात्र तो स्वतःला शिक्षा दिल्यासारखा विचारताय. पुढचा रविवार कुठे घालवायचा, हे ठरवण्यासाठी तो विचारा.

रक्तदानाचंच घ्या. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला किंवा 15 ऑगस्टला शिबिरात रांगा लागतात. लाल पेशी साठवून साठवून साधारण 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर जेमतेम पाच. मे महिन्यात कॉलेजं बंद, नागपूरचं ऊन असं, शिबिरं कमी होतात. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराच्या लेकरांना मात्र उन्हाळ्यातही दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. रक्त तेच, दाता तोच, पण गर्दीत दिलेल्या पिशवीने पडणारा फरक आणि मे महिन्यातल्या पिशवीने पडणारा फरक यांत केवढं अंतर आहे बघा.

आता सत्काराबद्दल. तांदूळ कुणी दिला, भाजी कुणी चिरली, गाडी कुणाची, वाढलं कुणी? प्रत्येकाने 'मी हजार माणसं जेवू घातली' म्हटलं तर एकच ताट चार-पाच वेळा मोजलं जातं. उलट प्रत्येकाने तुमच्यासारखं 'मी नसतो तरी झालंच असतं' म्हटलं, तर हिशेब शून्यावर येतो आणि माणसं तर प्रत्यक्षात जेवलेली असतात! दोन्ही हिशेब चुकीचे. सगळे गट 'दुसरे देतील' म्हणून घरी बसले, तर त्याच आजी उपाशी राहतील.

अभय आणि राणी बंग आपल्या मेडिकलचेच विद्यार्थी. 1980च्या दशकात या डॉक्टर जोडप्याने गडचिरोलीत 'सर्च' ही आरोग्यसंस्था सुरू केली. पुढे 39 गावांतल्या बायांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवलं, आणि 47 गावं तुलनेसाठी ठेवली. म्हणजे 'आपण हे केलं नसतं तर?' याचं उत्तर त्यांनी अंदाजावर सोडलं नाही. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी कमी भरले. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आता या 62 टक्क्यांतला डॉक्टरांचा वाटा किती, घरोघर जाणाऱ्या आरोग्यदूत बाईचा किती, तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या आईचा किती, सांगता येईल का? एकीला काढलं तरी काम कोसळतं. अशा कामाची वाटणी होत नाही, आणि कुणी एकट्याने ते आपल्या नावावरही लावू नये.

म्हणून सत्काराला जा, पण 'हजारोंची भूक भागवणारे' ही ओळ आधी बदलून घ्या. गटाचं नाव लावा, आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींना तुमच्या आधी व्यासपीठावर बोलवा. आयोजक ऐकत नसतील तर जाऊ नका. त्यात कुणाचा अपमान नाही.

कामाचं म्हणाल, तर बाकीच्या दोन गटांना भेटून वार वाटून घ्या. तुम्ही आठवड्यातली एखादी रात्र घ्या. आणि मला वाटतं, तुमच्यासारख्या माणसाचा खरा उपयोग ताटापेक्षा कागदांत जास्त आहे. गडचिरोलीहून, छत्तीसगडहून आलेल्या कितीतरी जणांना केस पेपर कुठे काढायचा, रिपोर्ट कोणत्या खिडकीवर मिळतो, हे उमगत नाही. कुणाला फक्त गोंडी येते, कुणाचं रेशनकार्ड गावी राहिलेलं असतं. मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेचे आरोग्यमित्र मदतीला असतात, पण त्यांच्यापर्यंत जायचं हेच अनेकांना ठाऊक नसतं. कुणी तासभर सोबत फिरलं, तर एखाद्याचा अख्खा दिवस वाचतो, कधी ऑपरेशनचा खर्चही. आधी वॉर्डातल्या सिस्टरना आणि तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना विचारा, कमी कशाची पडते. जेवण, असं उत्तर आलं तर जेवणच द्या.

आणि पुरुषांना दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं, हे लक्षात असू द्या. मार्च-एप्रिलमधल्या शिबिरात रांग मोठी दिसली, तर तेवढं सोडून द्या आणि मे महिन्यात रक्तपेढीत जा.