घरी काडतुसे भरताना मापात सारखी उतरणारी पावडर कशी निवडावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण ओहायोत राहता, गेल्या हिवाळ्यापासून ९ मिमी पिस्तुलाची आणि .२२३ रायफलची काडतुसे घरी भरता. ड्रमच्या पावडर मेझरमधून, म्हणजे दांडा ओढला की फिरत्या ड्रमने ठरावीक मापाची पावडर सोडणाऱ्या यंत्रातून, उतरणारा भार (एका काडतुसापुरती पावडर) कधी कमी, कधी जास्त येतो आणि हा फरक ०.४ ग्रेनपर्यंत जातो; ग्रेन हे वजनाचे बारीक एकक. प्रत्येक भार काट्यावर तोलत बसण्याऐवजी मापातूनच सारखी उतरेल अशी पावडर आपल्याला हवी आहे. मी पेनसिल्व्हेनियात गेली अकरा वर्षे घराच्या तळघरात हेच काम करतो आहे, त्यामुळे जे स्वतः तोलून पाहिले आहे तेच येथे लिहितो.

भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी आधी एक खुलासा करतो. तेथे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यास फेडरल परवाना लागत नाही, विक्रीसाठी मात्र लागतो. पुढचे सर्व विवेचन तेवढ्याच मर्यादेत वाचावे.

आपल्या अडचणीचे मूळ असे आहे की काडतुसे भरण्याच्या मार्गदर्शक पुस्तकातला भार वजनात दिलेला असतो आणि मेझर मात्र आकारमान मोजते. मिरजेला आमचे धान्याचे दुकान होते. वजनाचा काटा आल्यावरही आजोबांनी पितळी मापटे जपून ठेवले होते, आणि त्याच मापट्यात साबुदाणा, पोहे आणि शेवयांचा चुरा भरून पाहण्याचा खेळ आम्ही मुले खेळत असू. साबुदाणा दहा वेळा भरला तरी वजन जवळजवळ तेच येई. पोह्यांचे वजन हात कसा पडला त्यावर ठरे. आणि शेवयांचे तुकडे एकमेकांत आडवेतिडवे अडकून मधे पोकळी ठेवत, मापटे जरा हलवले की पातळी बोटभर खाली जाई. बंदुकीच्या धूरविरहित पावडरीचे मुख्य प्रकारही नेमके हेच तीन आहेत: गोल किंवा चपटवलेल्या गोल दाण्यांची बॉल पावडर, पातळ चकत्यांची फ्लेक पावडर आणि बारीक कांड्यांची स्टिक पावडर. डब्यावरचे नाव वाचण्याआधी आतला दाणा कोणत्या आकाराचा आहे हे पाहिले, तर निम्मे उत्तर तेथेच मिळते.

माझ्या ड्रममधून बॉल पावडरीचे भार साधारण ०.१ ग्रेन इकडेतिकडे येतात. आयएमआर ४०६४ सारख्या लांब कांडीच्या पावडरीत हाच फरक ०.३ ग्रेन किंवा त्याहून अधिक होतो, कारण ड्रम फिरताना त्याची कड कांड्यांना कापत जाते. ते कापणे दांड्यातून हाताला स्पष्ट जाणवते: आधी बारीकसा अडथळा, मग कर्र असा आवाज, आणि ताटलीत तुटलेली दोन-तीन कांडी. असा भार मी पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) कधीच जाऊ देत नाही, परत हॉपरमध्ये, म्हणजे मेझरवरच्या पावडरीच्या डब्यात, ओततो. .२२३ च्या पुंगळीचे तोंड इतके अरुंद असते की लांब कांड्या नरसाळ्याच्या नळीतही अडकून बसतात, आणि मग एक पुंगळी अर्धवट राहते व पुढची ओसंडते.

०.४ ग्रेनचा फरक दोन्ही काडतुसांत सारखाच गंभीर नसतो, हे येथे ध्यानात घ्यावे. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. २५ ग्रेनच्या रायफलच्या भारात ०.२ ग्रेनची चूक एक टक्क्याहूनही कमी पडते, पण ५ ग्रेनच्या पिस्तुलाच्या भारात तीच चूक ४ टक्के होते, आणि पुस्तकातील कमाल मर्यादेजवळ भरत असल्यास ४ टक्के ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. म्हणून मापात सारखे उतरण्याचा आग्रह रायफलपेक्षा पिस्तुलाच्या बाबतीत अधिक धरावा, असे माझे मत आहे. बहुतेक नवशिके नेमके उलट करतात.

मात्र सर्वांत सुरेख उतरणाऱ्या पावडरीत एक धोका असतो, आणि या उत्तरातील सर्वांत महत्त्वाचे मी तेच समजतो. बारीक, जड, गोल दाण्यांची पावडर पुंगळीत जागा फार कमी घेते. .३८ स्पेशलची पुंगळी मुळात काळ्या दारूसाठी बनवलेली आणि म्हणून ऐसपैस आहे; तिच्यात बुल्सआयसारख्या जलद जळणाऱ्या पावडरीचा भार तळाशी चिमूटभर दिसतो, आणि चुकून दोनदा भार पडला तरी तो बाहेर सांडत नाही, गोळी त्यावर निमूट बसते. याउलट ॲलायंट कंपनीची युनिक ही जुनी फ्लेक पावडर मापात तितकी सारखी उतरत नाही, पण ती फुगीर असल्यामुळे पुंगळी बरीच भरते आणि दुहेरी भार डोळ्यांना चटकन दिसतो. पावडर निवडताना मी आता मेझरकडे पाहण्याआधी पुंगळीकडे पाहतो: एक भार पुंगळीच्या निम्म्याहून वर येत असेल, तर दुसरा पडल्यास तो ओसंडेल, आणि असे ओसंडणे हाच सर्वांत भरवशाचा इशारा असतो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. घरी काडतुसे भरायला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी मोठ्या चकत्यांच्या एका पावडरीने ९ मिमीची पन्नास काडतुसे भरली. हॉपर तळाला आला होता आणि मी घाईत होतो. शनिवारी सामन्यात चौथ्या गोळीला धडाक्याऐवजी फुस्स असा आवाज आला. मी पुन्हा चाप ओढणार, तोच रेंज ऑफिसर (मैदानावर सुरक्षिततेवर नजर ठेवणारा अधिकारी) ओरडला म्हणून मी थांबलो. गोळी नळीतच अडकली होती. ती पितळी सळईने मागे ठोकून काढावी लागली. घरी येऊन उरलेली सर्व काडतुसे गोळी काढण्याच्या हातोड्याने एकेक करून उघडली. एकात भार दीडपटीच्या जवळ निघाला. चकत्या नळीत अडकल्या होत्या, एक पुंगळी जवळजवळ रिकामी गेली होती आणि तिच्या वाटच्या भारातला बराच भाग दुसरीत पडला होता. रिकाम्या काडतुसाने मला इशारा दिला, दीडपटीच्या काडतुसाने दिला नसता. तेव्हापासून पन्नास पुंगळ्यांचा ठोकळा भरून झाला की गोळी बसवण्याआधी मी बॅटरीच्या उजेडात पन्नासही पुंगळ्यांत डोकावून पाहतो, आणि त्या वेळी कोणी हाक मारली तरी उत्तर देत नाही.

आता नावांकडे वळू. ९ मिमीसाठी मी हॉजडन कंपनीची एचपी-३८ सुचवतो. विंचेस्टर २३१ ही तीच पावडर आहे, दुकानात जी मिळेल ती घ्यावी. चपटवलेल्या गोल दाण्यांची असल्यामुळे ती छान उतरते, आणि पुंगळी पुरेशी भरत असल्यामुळे दुहेरी भार लपत नाही. टाइटग्रुपही सारखी उतरते व कमी लागते म्हणून स्वस्त पडते, पण ती जागा फारच थोडी घेते. पहिल्याच वर्षी तिच्या वाटेला जाऊ नये. मधल्या ते जड भारांसाठी ॲक्युरेट नंबर ७ पाण्यासारखी वाहते. मात्र ती इतकी बारीक आहे की काही मेझरांच्या ड्रमच्या फटीतून झिरपते, त्यामुळे खाली पांढरा कागद अंथरून पाहावे.

.२२३ साठी रॅमशॉट टॅक किंवा हॉजडनची एच३३५ यांपैकी एक घेतली, तर उतरण्याबाबत आपली तक्रार राहणार नाही. फक्त एवढे ध्यानात असू द्यावे की एच३३५ तापमानाला हळवी आहे: जानेवारीत शून्याखाली जुळवलेला आणि कमाल मर्यादेला टेकलेला भार जुलैच्या उन्हात तापलेल्या काडतुसात अधिक दाब निर्माण करतो. वर्षभर एकच भार वापरायचा असेल, तर आयएमआर ८२०८ एक्सबीआर पाहावी. ती आहे कांडीचीच, पण कांड्या इतक्या आखूड कापलेल्या आहेत की ड्रम अडखळत नाही, आणि थंडी-उन्हाचा फरक तिला कमी जाणवतो. बेंचरेस्टचे, म्हणजे बाकावर रायफल टेकवून अचूकतेची स्पर्धा करणारे, नेमबाज ६ पीपीसी या रायफलच्या काडतुसात व्हिटावुओरी एन१३३ ही कांडीची पावडर मैदानावरच, न तोलता, मेझरने भरतात आणि तरीही त्यांचे नेम एकमेकांना चिकटून लागतात. चांगले मेझर आणि सरावलेला हात यांच्यापुढे दाण्याचा आकार किती झुकतो, हे त्यावरून दिसते.

बॉल पावडर ही १९३३ साली वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत फ्रेड ओल्सेन यांनी विकसित केलेल्या पद्धतीची देणगी आहे. तीत नायट्रोसेल्युलोज विरघळवून पाण्यात त्याचे थेंब बनवतात आणि तेच पुढे दाणे होतात. कारखान्यातील यंत्रांना ती मानवली ती सहज वाहण्याच्या गुणामुळे. पण नुसते वाहणे पुरेसे नसते, हे अमेरिकी सैन्याला व्हिएतनाममध्ये महागात पडले. १९६४ नंतर एम१६ रायफलच्या काडतुसांत कांडीऐवजी बॉल पावडर आली, तिच्यातील कॅल्शियम कार्बोनेटचा थर वायूच्या नळीत साचू लागला, गोळीबाराचा वेगही वाढला आणि बंदुका अडू लागल्या. १९६७ साली अमेरिकी काँग्रेसच्या (तेथील संसदेच्या) उपसमितीने त्याची चौकशी केली. आजच्या पावडरी पुष्कळ सुधारलेल्या आहेत, तरी नवी बॉल पावडर घेतल्यावर पहिल्या शंभर काडतुसांनंतर मी बंदूक उघडून काजळी पाहतोच.

पावडर बदलण्याआधी मात्र आपले मेझर एकदा तपासून पाहावे, कारण ०.४ ग्रेनचा फरक बॉल पावडरीतही येत असेल, तर दोष पावडरीचा नाही. नव्या मेझरच्या आत तेलाचा अंश असतो. तो पुसून एक पाउंड पावडर त्यातून नुसतीच काढली की दाण्यांवरचे ग्रॅफाइट आतल्या भागाला लागते आणि चिकटणे थांबते. प्लॅस्टिकच्या हॉपरला हिवाळ्यात, हीटर चालू असताना, स्थिर वीज धरते. कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकतात तो कपडा आतून फिरवावा. हॉपर निम्म्याखाली जाऊ देऊ नये, आणि आत बॅफल (वरच्या पावडरीचा भार पेलणारी आडवी पट्टी) बसवावा, म्हणजे ड्रमवरचे ओझे सारखे राहते. दांडा वर आणि खाली दोन्हीकडे एकाच जोराने टेकवावा. आजोबा मापटे भरताना धान्य एकाच उंचीवरून सोडत आणि भांडे कधी हलवत नसत, ते याचसाठी.

मग पहिले दहा भार परत ओतावे, पुढचे दहा भार एकत्र तोलून दहाने भागावे, आणि त्यानंतर दहा भार सुटे तोलावे. सरासरी बरोबर असूनही सुटे भार विखुरलेले असतील तर पावडर किंवा हात दोषी. सुटे भार एकमेकांजवळ पण सरासरी चुकलेली असेल तर केवळ मेझरचे माप कमी-जास्त करणारा स्क्रू फिरवायचा आहे. भाराचे आकडे पावडर कंपनीच्या चालू तक्त्यातूनच घ्यावेत आणि सुरुवातीच्या भारापासूनच वर जावे. एच४८९५ आणि आयएमआर ४८९५ यांचा क्रमांक एकच असला तरी त्या वेगळ्या पावडरी आहेत, एकीचा तक्ता दुसरीला लावू नये. डब्यावरचा लॉट क्रमांक (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) बदलला की मेझर पुन्हा जुळवावे.

टपालाने मागवल्यास प्रत्येक मागणीवर घातक मालाचे वेगळे शुल्क लागते, म्हणून ८ पाउंडाचा डबा मागवण्याचा मोह होतो. आधी गावातल्या दुकानातून १ पाउंडच घ्यावी. त्यात ७००० ग्रेन असतात, म्हणजे २५ ग्रेनच्या भाराची २८० काडतुसे होतात, आणि तेवढ्यात पावडर आपल्या बंदुकीला मानवते की नाही ते पुरेसे कळते. रात्री काम संपले की हॉपरमधील पावडर तिच्याच डब्यात परत ओतावी. नायट्रोग्लिसरिनयुक्त पावडर प्लॅस्टिकला खाते हे एक कारण, पण मोठे कारण हे की दुसऱ्या दिवशी हॉपरमध्ये कोणती पावडर आहे हे दाण्याकडे पाहून कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. माझ्या बाकावर एका वेळी एकच डबा उघडा असतो, बाकीचे सर्व खोलीच्या दुसऱ्या टोकाला लाकडी कपाटात.