डुकरांसाठी पहिली सेंटरफायर रायफल: कोकणात कमी खर्चात कोणती घ्यावी?

आधी एक सांगतो, रायफलीचा विचार सोडा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. परवाना असला तरी डुकरावर बार टाकायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. शेतीसंरक्षणासाठी शस्त्र कायद्यात ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू भरायच्या) बंदुकीची तरतूद आहे, पण ती पावसात दगा देते. दारू सर्दावते.

माझं मत जुनी एकनळी बारा बोअर, म्हणजे छऱ्यांची बंदूक. तिचं काडतूसही सेंटरफायरच, म्हणजे बुडाच्या मधोमध टोपी असलेलं. आपल्याकडचे .३१५ बोअरच्या रायफलीचे शौकीन सांगतील काही, पण ती गोळी दोन-तीन किलोमीटरही जाते, आणि आपल्या कलमांच्या उताराखाली कुणाची तरी वाडी असतेच!

वापरलेली घेताना बंदूक बिजागरीतून उघडा, कोठा (काडतूस बसतं ती जागा) रिकामा असल्याची खात्री करा, मग नळी उजेडाकडे धरून आत बघा. आतून आरशासारखी हवी. काळे खड्डे किंवा पोचा दिसला तर कितीही स्वस्त असो, नको. मिटल्यावर बिजागरीत खुळखुळ नको. खरेदी परवानाधारक दुकानातूनच, परवान्यावर नोंद करून.

खाऱ्या हवेत आठवड्याला तेलाचा बोळा फिरवा. श्रावणात माझ्या नळीवर चार दिवसांत तांबूस बुरा आला होता.