तिकिटं वाढली, माणसं तेवढीच

प्रश्न: भाऊ, हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे. आम्ही चौघं, युनिट तीन, अन् दिवसभर फोन. पासवर्ड लॉक झाला, प्रिंटर चालत नाही, नेट स्लो आहे. साहेब म्हणून राहिले का चॅटबॉट आणू, मग माणसं कमी लागतील. खरंच फरक पडते का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: चॅटबॉट सगळ्यात शेवटी आणा बाप्पा. गाडी गेटवर उभी आहे, चलान प्रिंट होत नाही, अशा वेळी स्टोअरवाल्याला 'मी आपली काय मदत करू' असं विचारणारा बॉट दिसला तर तो सरळ तुमच्या टेबलाशी येऊन उभा राहील, वरून शिव्या वेगळ्या.

आधी फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची सगळी कामं तिकिटात आणा, म्हणजे प्रत्येक तक्रारीची नंबर लावून नोंद. त्यासाठी जीएलपीआय किंवा ओएसटिकट हे सॉफ्टवेअर घ्या, दोन्ही ओपन सोर्स आहेत, लायसन्सचा खर्च नाही, सर्व्हर मात्र सांभाळावा लागतो. महिनाभर नुसती नोंद ठेवली तरी कळेल की तेच ते चार-पाच प्रकार परत परत येऊन राहिले. पासवर्डचा त्यात बहुतेक पहिला नंबर असेल, त्याला सेल्फ-सर्व्हिस रिसेट लावा, मोबाइलवर खात्री करून माणूस आपला आपण बदलेल. आणि तुमच्याकडे दर महिन्या-दोन महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती असेल तर ती काढायला सांगा, अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्येच सांगून ठेवलंय की पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावा, उगाच मुदत लावू नका. टूल न आणताच अर्धी कटकट जाते, पण हे कोणी विकत नाही ना, म्हणून साहेबांना कोणी सांगत नाही.

मग मॉनिटरिंग, म्हणजे मशीन आणि नेटवर्कवर आपोआप नजर. त्याला झॅबिक्स हे सॉफ्टवेअर चांगलं आहे, फक्त डिपेंडन्सी लावा, म्हणजे कोणतं मशीन कोणत्या स्विचवर अवलंबून आहे ते त्याला सांगा, नाहीतर एक स्विच बंद पडला की त्याच्या मागच्या प्रत्येक मशीनचा वेगळा अलर्ट येतो आणि मग पोरं अलर्ट बघणंच सोडतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा सर्व्हर रूमचा एसी ट्रिप झाल्याचं मशीन बंद पडायच्या आधी कळलं पाहिजे, तापमानाचा सेन्सर नक्की जोडा.

अपडेट ऑटोमॅटिक करा पण सगळीकडे एकदम नको. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीचं एक चुकीचं अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन झोपल्या, कित्येक ठिकाणी एकेका मशीनपाशी जाऊन दुरुस्ती करावी लागली. आधी तुमच्या चौघांच्या मशीन, मग एक युनिट, दोन दिवस थांबून बाकीचे.

साहेब विचारतील, किती तिकिटं बंद केली? त्या आकड्यावर शाबासकी मिळाली की पोरं न सोडवताच तिकीट बंद करतात. परत उघडलेली किती, ते दाखवा.

प्रश्न: कामं आपोआप करायला पॉवरशेल शिकू का अ‍ॅन्सिबल?
– फायनल इयरचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर: सपोर्टची नोकरी पाहिजे तर पॉवरशेल, ते विंडोजची कामं स्क्रिप्टने करायचं साधन आहे आणि कंपन्यांमध्ये टेबलावर विंडोजच जास्त असते. लिनक्स सर्व्हर हाताखाली आले की पुष्कळ मशीनवर एकदम काम चालवणारं अ‍ॅन्सिबल. आणि स्क्रिप्टमध्ये अ‍ॅडमिनचा पासवर्ड लिहून ठेवू नको रे बाबा.